मॅन्युअल घेताय? आधी बॉनेट उघडा!

नांदेड-लातूर रस्त्यावर बोलेरो दिसत नाही असा दिवस जात नाही. पण नुसतं ‘बोलेरो’ नाव बघून रिपेअर मॅन्युअल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गाडी आली २००० साली. २०२० मध्ये बीएस-६ सोबत तिला एमहॉक ७५ इंजिन मिळालं. जुन्या इंजिनचं पुस्तक तिथं काय कामाचं? गाडीसोबत मिळणाऱ्या ओनर्स मॅन्युअलमध्ये ऑइल कधी बदलायचं ते कळतं, इंजिन खोलायचं कसं ते नाही. त्यासाठी वर्कशॉप मॅन्युअलच हवं. त्यात वायरिंग डायग्राम अन् टॉर्कचा तक्ता आहे का, एवढं बघाच. चकचकीत फोटो गेले उडत! आणि हो, आपल्या आयटीआयच्या पोरांना हे मराठीत का मिळू नये? हेड बोल्ट अंदाजानं आवळला की गॅस्केट जातं, भुर्दंड गाडीवाल्याला.