निजामाच्या दफ्तरातले तारे

नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते, तेव्हा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत आकाशाची मोजणी चालू होती. १८८७ च्या पॅरिस परिषदेत ठरलेल्या तारासूचीसाठी आकाशाचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या वेधशाळांना वाटून दिले गेले. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा, उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सान्तियागोकडे होता. तिथे काम तडीस गेले नाही, म्हणून तो हैदराबादकडे आला. आपल्या अनुराधा नक्षत्राचा योगतारा याच पट्ट्यातला.

काम महाकंटाळवाणे. काचेवर ताऱ्यांच्या छबीसोबत पाच-पाच मिलिमीटरवर बारीक रेघांची जाळी उमटवायची, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रत्येक ठिपका रेघेपासून किती दूर ते टिपायचे. १९१४ ते १९२९ हेच चालले. खंड छापले, पण त्यांत आकाशातली स्थाने नव्हती, काचेवरची नुसती मापे होती. एवढी आकडेमोड कोण करणार? खंड कपाटात गेले. पुढे १९४८ साली निजामाची राजवटही गेली.

नव्वदच्या दशकात ती मापे संगणकावर चढली. सगळ्या वेधशाळांचे मिळून सुमारे ४६ लाख तारे. हिप्पार्कोस उपग्रहाच्या वेधांशी ती मापे ताडून पाहिली, तेव्हा मधल्या काळात कोणता तारा किती सरकला ते कळले, आणि २००० साली २५ लाख ताऱ्यांची टायको-२ सूची झाली. स्ट्रासबर्गच्या ‘विझिएर’ भांडारात हे सारे फुकट, कोणालाही खुले आहे.

आता औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. आपल्याकडे चर्चा जमिनीची, रस्त्यांची, नोकऱ्यांची, तीही हवीच. पण लायगोच्या अमेरिकेतल्या यंत्रांच्या नोंदी आजच खुल्या आहेत, त्या अभ्यासायला औंढ्याची वाट कशाला पाहायची? प्रवेशपरीक्षांसाठी ‘लातूर पॅटर्न’ उभा करणाऱ्या मुलखात चिकाटीची वाण नाही. उणीव आहे ती गुणपत्रिकेत न मोजल्या जाणाऱ्या कामाला वेळ देण्याची.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने बी.एस्सी.च्या मुलांना एवढेच सांगावे: हैदराबादच्या पट्ट्यातला एक वेगाने सरकणारा तारा निवडा, त्याचे शंभर वर्षांपूर्वीचे स्थान काढा, गाया उपग्रहाने मोजलेले स्थान शेजारी मांडा आणि फरक मोजा. दुर्बीण लागत नाही. एक संगणक, बऱ्यापैकी नेट आणि न कंटाळणारा एखादा प्राध्यापक पुरे.