आपले बाळ बरोबर वाढते आहे ना?



मी शेतीखात्याचा माणूस. पीक पाहायला घरोघर जावे लागते. बांधावरचे बोलणे संपवून ओसरीवर चहाला टेकलो की बरेचदा आतून एखादी आजी किंवा सूनबाई विचारते, "साहेब, आमचे बाळ नऊ महिन्यांचे झाले, अजून रांगत नाही. जाऊबाईंचे त्याच्या मागून झालेले, ते उंबरा ओलांडते. काही खोट तर नसेल ना?" आईबापाच्या जिवाला लागलेला हा घोर लहान नसतो. विचारावे तर घरातली चार माणसे चार गोष्टी सांगतात. म्हणून आज पीकपाण्याऐवजी हाच विषय घेतला आहे. औषधोपचार सांगणे डॉक्टरांचे काम. पण बाळाची वाढ कशी मोजावी, कशी नोंदावी आणि दवाखाना कधी गाठावा, हे प्रत्येक घराला ठाऊक हवे.

एकाच पिशवीतले बियाणे एकाच दिवशी पेरले, तरी ज्वारीची सगळी ताटे एकाच दिवशी पोटऱ्यात येत नाहीत. बाळांचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसायला काही बाळे चार महिन्यांच्या सुमारास लागली, तर काही नऊ महिने पुरे झाल्यावर. हातागुडघ्यांवर रांगण्याचे वय पाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत निघाले. एकट्याने चालण्याचे वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. शंभरातली सुमारे चार बाळे तर अशी कधी रांगलीच नाहीत, आणि तरीही चालू लागली!

तेव्हा नऊ महिन्यांचे बाळ नीट बसत असेल, दोन्ही हातांनी वस्तू धरत असेल, आईला पाहून हसत असेल, तर नुसते रांगत नाही म्हणून धास्ती घेऊ नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून तेवढे दिवस वजा करावेत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आज आठ महिन्यांचे असेल, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी.

आणखीही काही गोष्टींनी घरे उगाच घाबरतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत भरून येते. पाठीवर, कुल्ल्यावर जन्मापासून निळसर डाग असतात, ते बहुधा वयाबरोबर फिके होतात. नव्याने चालणाऱ्या मुलाचे पाय थोडे बाकदार दिसतात, तळवे सपाट असतात. कुणाला सहाव्या महिन्यात दात येतो, कुणाला वर्ष होते. टाळू मऊ असते, तिथे ठोका जाणवतो. ती साधारण दीड वर्षापर्यंत भरते, तेल थापून लवकर भरत नाही. मात्र जुलाब-उलट्या होत असताना टाळू खोल गेलेली दिसली, तर अंगातले पाणी कमी झाले असे समजून लगेच दवाखाना गाठावा. पाय दोन वर्षांनंतरही वाकत चालले किंवा मनगटे जाड दिसू लागली, तर मुडदुसाची शंका डॉक्टरांकडून फेडून घ्यावी.

आता ज्याची काळजी करायला हवी आणि आपण करीत नाही, त्याकडे वळू. ते म्हणजे वजन. "बाळाने बाळसे चांगले धरले" किंवा "जरा सुकलेय" हे आपण डोळ्यांनी ठरवतो. रोज समोर असणाऱ्या बाळाचा बदल डोळ्यांना कळत नाही. आपल्या गाईचे दूध अर्धा लिटर घटले, तर डेअरीच्या पुस्तकावरून आपल्याला त्याच दिवशी कळते. तीच नोंद बाळाची हवी. तिच्यासाठी सरकारने माता-बाल संरक्षण कार्ड दिलेले आहे. पुष्कळ घरांत ते ट्रंकेत कपड्यांखाली असते, लसीच्या दिवशीच बाहेर निघते.

त्या कार्डात वाढीचा तक्ता असतो, मुलाचा वेगळा, मुलीचा वेगळा. अंगणवाडीत दरमहा वजन करून वयासमोर टिंब द्यायचे आणि टिंबे जोडायची. हिरवा पट्टा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, त्याखालचा म्हणजे फारच कमी. ढोबळ हिशेब असा, की जन्माचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हावे. तीन किलोचे बाळ वर्षाचे होईतो नऊ किलोच्या आसपास येते. पण पट्ट्यापेक्षाही रेघेची दिशा महत्त्वाची. लहान चणीचे बाळ खालच्या अंगाने, पण चढत्या रेघेने जात असेल, तर ते आपल्या चालीने वाढते आहे. गुटगुटीत बाळाची रेघ दोन महिने आडवी पडली, तर ते अजून गुटगुटीत दिसत असले तरी काहीतरी बिनसले आहे.

हे वाचायला फार शिक्षण लागत नाही. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, पण मुलांची वजने करून मागे पडणारे मूल त्या ओळखू लागल्या.

रेघ आडवी होते ती बहुधा सहा महिन्यांनंतर. तोवर आईचे दूध पुरते, पुढे एकटे पुरत नाही. दात येण्याची किंवा उष्टावणाच्या मुहूर्ताची वाट पाहून वरचे अन्न लांबवू नये. मऊ वरणभात, वर चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेले केळे, चालत असेल त्या घरी अंडे, हे सुरू करावे. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. स्तनपान दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलाची रेघ आडवी झाली की तालुक्याला गाडी जाते, आणि मुलीची झाली की "ती बारीकच अंगाची" असे म्हटले जाते. तक्ता दोघांनाही दिलेला आहे, तो दोघांचाही पाहावा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी कोयत्याबरोबर हे कार्डही न्यावे. कारखान्याजवळच्या गावातल्या अंगणवाडीत ते दाखवून वजन करून घ्यावे. पाच महिने नोंद तुटली, तर त्या पाच महिन्यांत काय घडले ते कुणालाच सांगता येत नाही.

पुढील खुणा मात्र दिसल्या, तर एक दिवसही दवडू नये. तीन महिन्यांचे बाळ माणसाकडे पाहून हसत नाही. चार महिने पुरे होऊनही मान धरत नाही. सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाकडे वळत नाही. नऊ-दहा महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही. अंग फार ताठ किंवा फार ढिले लागते. वर्षाच्या आत एकच हात वापरते, दुसरा वापरतच नाही. किंवा कोणत्याही वयात, आधी करीत असलेली गोष्ट करीनासे होते. अशा वेळी "याचा बापही उशिराच चालला होता" म्हणून थांबू नये. वापसा निघून गेल्यावर पेरणी करून काय उपयोग? बाळाचा मेंदू आणि स्नायू पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने घडतात. त्या वेळी व्यायाम आणि उपचार मिळाले, तर त्यांचा गुण जास्त येतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते. ती तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथकाचा दिवस अंगणवाडीताईंना आधी विचारून ठेवावा आणि त्या दिवशी बाळाला शेतावर नेऊ नये. मधल्या काळात शंका आली, तर आशाताईंना गाठून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

तेव्हा जाऊबाईंच्या बाळाकडे कौतुकाने पाहावे, आणि आपल्या बाळाची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याशी करावी. हा अंक वाचून झाला की ट्रंकेतले कार्ड काढावे आणि शेवटचे टिंब कोणत्या महिन्याचे आहे ते पाहावे.