याद्या होतात, मग नवरा-नवरीची यादी का नाही?

लग्न ठरलेल्या मुला-मुलींनो, त्यांच्या आई-वडिलांनो आणि बैठकीत मध्यस्थी करणाऱ्या मामा-काकांनो,

हे पत्रक घरी न्या आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर एकदा मोठ्यानं वाचा.

मार्च २०२५ मध्ये क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचा घटस्फोट वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मंजूर झाला. त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर साठ कोटींच्या पोटगीचा आकडा फिरत होता. तो खोटा आहे, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं, पण ऐकतो कोण? उच्च न्यायालयासमोर आलेला आकडा ४ कोटी ७५ लाखांचा होता, आणि तोही दोघांनी आपसांत ठरवून लिहून दिलेला. तोवर त्या मुलीला नाही नाही ते बोलून झालं होतं. कट्ट्याकट्ट्यावर एकच निष्कर्ष निघाला : “बायका लुटतात. लग्नाआधी करार करून घ्यायला हवा.”

करार करायला हवा, असं आम्हीही म्हणतो. पण त्यांचं कारण आम्हाला साफ नामंजूर आहे. नामवंतांकडे वकील असतात, हिशेबनीस असतात. ते आपलं बघून घेतील. कराराची खरी गरज तुमच्या-आमच्या घरात आहे, आणि ती सगळ्यात जास्त आहे कमी कमावणाऱ्याला, म्हणजे बहुतेक घरांत बाईला.

आमच्याकडे सल्ल्याला एक बाई आल्या होत्या. बारा वर्षांचा संसार. कापडी पिशवीतून त्यांनी कागद काढून टेबलावर मांडले : वाण्याची बिलं, मुलाच्या फीच्या पावत्या, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या, रबर लावून वर्षावर्षाचे गठ्ठे केलेले. नवऱ्याचा पगार घराच्या हप्त्याला जाईल आणि बाईंचा घरखर्चाला, असं दोघांत ठरलं होतं. तोंडी. बारा वर्षांनी हप्ते फिटले, घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर राहिलं आणि बाईंचा पगार सगळ्या घरानं खाऊन संपवला. “ताई, ह्या पावत्या काही कामाला येतील का हो?” एवढंच त्या विचारत होत्या.

फारशा येत नाहीत. कायदा काय देतो ते नीट समजून घ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं कायमची पोटगी मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. पण संसार सुरू असताना नवऱ्याच्या नावावर घेतलेल्या घराच्या मालकीत बायकोचा वाटा आहे, असं सांगणारं कलम या कायद्यांत नाही. तसा वाटा देऊ पाहणारं विवाह कायदे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं. लोकसभेनं ते केलं नाही, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयकही संपलं. पुढं काय?

आता “लग्नाआधी लिखापढी म्हणजे अपशकुन” असं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. तुमच्या घरात याद्या झाल्या नाहीत का? रेघांच्या कागदावर वर ‘श्री गजानन प्रसन्न’, कोपऱ्याला हळदीकुंकू, आणि खाली कलमं : मंगळसूत्र कुणी करायचं, हॉलचं भाडं कुणाकडे, जेवणाची पानं किती, मानपानाच्या साड्या किती, कुणाचा आहेर कुणी करायचा. खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या, साक्षीला मामा. मग पेढे. त्या कागदाला कुणी अविश्वास म्हणत नाही. उलट, “नंतर कटकट नको, लिहिलेलं बरं,” असंच म्हणतात. एका दिवसाच्या जेवणावळीसाठी लिहिलेलं बरं, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या घरासाठी मात्र ते अभद्र? ज्या दोघांना संसार करायचा, त्यांची सही त्या कागदावर कुठंच नसते. आणि त्याच यादीत हुंडा लिहिला असेल तर तो १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही इथंच सांगून ठेवतो.

मुसलमान शेजाऱ्यांच्या निकाहनाम्यात मेहेर लिहिलेला असतो. त्यांच्यात लग्न हाच करार आहे, म्हणून प्रेम कमी होत नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. तिथं लग्नाआधी नोटरीसमोर रीतसर करार करता येतो. करार केला नाही, तर सर्वसाधारणपणे दोघांची मालमत्ता सामायिक होते आणि प्रत्येकाचा अर्ध्यावर हक्क असतो. स्थावर विकायचं तर जोडीदाराची संमती लागते. प्रत्यक्षात कारभार अनेकदा पुरुषाच्याच हाती राहतो, हे खरं. पण वाटणीची वेळ आली की बाईला शून्यापासून भांडावं लागत नाही. सावंतवाडीत राहणारी आणि पेडण्यात राहणारी, एकच भाषा बोलणाऱ्या दोन बहिणी. एकीला अर्धा हक्क आणि दुसरीला पावत्यांची पिशवी?

गोव्याबाहेर असा करार न्यायालयात का टिकत नाही? १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ सांगतं की सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल. त्याच धोरणाच्या नावाखाली १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं एक करार मोडीत काढला. बायकोला तिच्या माहेरच्या घरातून कधीही हलवणार नाही, असं त्या नवऱ्यानं लग्नाआधी लिहून दिलं होतं. नवरा ठेवील तिथं बायकोनं राहायचं, या समजुतीपुढं त्याचा शब्द टिकला नाही. ज्या जमान्यात ती समजूत कायदा होती, त्या जमान्याचं धोरण आज आमच्या मुलींना का लावता?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. करारात ज्याचं पारडं जड, त्याचीच चलती होते. २०१० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा करारांना वजन दिलं, तेव्हा नऊ न्यायमूर्तींपैकी ब्रेंडा हेल यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. आर्थिकदृष्ट्या दुबळ्या जोडीदाराला एरवी मिळालं असतं ते नाकारणं, हाच बहुतेक अशा करारांचा हेतू असतो, हे त्यांनी बजावलं. त्या नऊ जणांत त्या एकट्याच बाई होत्या. म्हणून आम्हाला श्रीमंताची तिजोरी राखणारा करार नको. घरात राबलेल्या हातांची नोंद ठेवणारी यादी हवी.

त्या यादीत हे लिहा :

१. लग्नाआधी प्रत्येकाचं काय आहे : घर, शेत, ठेवी आणि कर्जसुद्धा. कर्ज लपवणाऱ्याशी लग्न करू नका.
२. मुलीचे दागिने किती तोळ्यांचे आणि कुणाच्या लॉकरमध्ये. स्त्रीधन तिचं एकटीचं असतं. १९८५ च्या नियमांनुसार वधू-वरांना मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी, देणाऱ्याचं नाव, नातं आणि अंदाजे किंमत घालून, दोघांच्या सहीनं ठेवायची असते. किती लग्नघरांत ती होते?
३. लग्नानंतर घेतलेलं घर दोघांच्या नावावर. हप्ता कुणीही भरो.
४. मुलासाठी किंवा आजारी माणसासाठी एकानं नोकरी सोडली, तर दुसऱ्याच्या पगारातली ठरलेली रक्कम दरमहा नोकरी सोडणाऱ्याच्या खात्यात. ही मेहेरबानी समजू नये.
५. दोन्हीकडच्या आई-वडिलांना कोण किती पाठवणार. मुलीचे आई-वडीलही म्हातारे होतात.

आणि हे लिहू नका : “पोटगी मागणार नाही.” कायद्यानं दिलेला हक्क असा लिहून सोडता येत नाही, आणि अशी अट घालणाऱ्याचा हेतूही त्यातूनच कळतो. मुलांचा ताबाही आधी लिहून ठेवू नका. तो मुलाचं हित पाहून न्यायालय ठरवतं.

आजच्या कायद्यात ही यादी न्यायालयाला बांधत नाही, हे आम्ही लपवत नाही. पण दोघांच्या सहीचा कागद हा काय ठरलं होतं याचा पुरावा असतो, आणि घराच्या कागदावरचं दुसरं नाव तर कुणी पुसू शकत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या दाव्यात दोघांनी उत्पन्न आणि मालमत्ता शपथेवर उघड करावी, असं सांगितलं. भांडण कोर्टात गेल्यावर जे उघडं करायचंच आहे, ते साखरपुड्याआधी गोडीनं का करू नये?

सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. विवाहपूर्व कराराला कायद्याची मान्यता द्या, पण दोघांचे वकील वेगळे असतील, मालमत्ता पूर्ण उघड असेल आणि पोटगीचा हक्क शाबूत राहील तरच. लग्नानंतर जमवलेल्या मालमत्तेत दोघांचा वाटा मानणारा कायदा पुन्हा संसदेत आणा. आणि विवाह नोंदणीच्या वेळी भेटवस्तूंची यादी जोडणं सक्तीचं करा.

हे महाराष्ट्राला नवं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हातानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. त्यांचे संसार मोडले नाहीत. सातबाऱ्यावर नाव आल्यावर घरातही तिचं नाव घेतलं जाऊ लागलं.

म्हणून पुढच्या बैठकीत याद्यांचा कागद समोर येईल, तेव्हा मामा-काकांनो, पेन थोडं थांबवा. नवरा-नवरीला आत बोलवा, दोघांना शेजारी बसवा, कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवा आणि पहिली सही त्यांची घ्या.