तोड कधी येणार?

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, असे आपण प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकतो. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

एक मोठी कंपनी शेकडो छोट्या घटकांना कशी बांधून ठेवते, हे आपण टोयोटाच्या उदाहरणावरून शिकतो. आपल्या जिल्ह्यात ते १९५० सालीच घडलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकरी, तोडणी टोळ्या, वाहनं आणि गाळप यांचा मेळ बसलाच पाहिजे. कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

१९९८ मध्ये वारणानगर भागात गावोगावी संगणक केंद्रं निघाली. शेतकऱ्यांनी ती मुख्यतः उसाच्या नोंदींसाठीच वापरली. पुढे तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं गेलं आणि ते जमलं.

माझी रूममेट सोलापूरकडची. गेल्या हंगामात त्यांच्या उसाला तुरा आला तरी तोड आली नाही. लागणीची नोंद कॉम्प्युटरवर होती, पण नंबर कितवा हे कुणी सांगेना. वडील गट ऑफिसला चकरा मारत राहिले, आणि हिची फी थकली.

माझं मत स्पष्ट आहे. कारखान्याच्या स्क्रीनवर जी यादी दिसते, ती शेतकऱ्याच्या मोबाईलवरही दिसली पाहिजे. उद्या ही सॉफ्टवेअर आपल्यातलेच कुणीतरी लिहिणार आहेत. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय? मग हाच घ्या ना!