शिळेवरचा सासरा

वंशावळीच्या शोधात मनुष्य सत्याच्या मागे निघतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला मात्र तो बहुधा एखाद्या थोर सासऱ्याच्या मागे निघालेला दिसतो. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ गलबतातून अमेरिकेस गेलेला जॉन हाउलंड हा तेथील प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या पदरचा माणूस. त्याची पत्नी एलिझाबेथ ही कार्व्हरांचीच कन्या, हा समज वंशजांत इतका दृढमूल झाला होता की, एकोणिसाव्या शतकात प्लिमथच्या टेकडीवर उभारलेल्या स्मृतिशिळेवरही तो कोरला गेला. परंतु कार्व्हरांच्या मागून गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्ड यांची स्वदस्तुरची हकीकत, जी अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बोस्टनहून नाहीशी झाली होती, ती १८५५ साली लंडनच्या बिशपांच्या फुलहम येथील ग्रंथसंग्रहात सापडली, आणि तिच्या अखेरच्या यादीत एलिझाबेथ ही जॉन टिली नामक साध्या उतारूची मुलगी म्हणून नमूद असल्याचे उघड झाले. पुढे इंग्लंडातील हेनलो गावच्या चर्चच्या दप्तरात तिच्या बाप्तिस्म्याची १६०७ ची नोंदही मिळाली.

आईबाप पहिल्याच हिवाळ्यात दगावल्यावर ही पोरकी मुलगी बहुधा कार्व्हरांच्या घरी राहिली असावी, आणि आश्रयदात्याचा पिता होण्यास दोन शतके पुरेशी असतात. समकालीन कारकुनी यादीपुढे श्रद्धेने कोरलेला पाषाणही, माझ्या मते, दुय्यम पुरावाच होय. हाउलंडच्या वंशजांनी पुढे शिळा बदलून टिलीचे नाव घातले. आपल्याकडे किती घराणी एवढे करतील?