खुर्ची नको, कोपर द्या!

परवा पहाटेची फ्लाइट होती. मी आणि माझा कॉलेजमधला दोस्त. साहेब बँकेत ऑफिसर आहेत, मोबाइल माझ्या दुप्पट स्पीडने चालवतात आणि त्यांना जन्मापासून दिसत नाही. चेक-इनला त्याने स्वतःचं आयडी पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून मला विचारलं, ‘सरांना विंडो हवी की आइल?’

‘सरांनाच विचारा ना,’ मी म्हटलं.

‘व्ह्यू हिला द्या, मला आइल,’ सर म्हणाले.

तेवढ्यात व्हीलचेअर हजर! ‘बसा सर.’

‘अहो, माझे पाय ठणठणीत आहेत. बरोबर चालायला कुणीतरी द्या.’

‘सर, असिस्टन्स म्हणजे व्हीलचेअरच असते.’

मला हसू आलं. त्याला नाही. मागच्या वर्षी तो एकटाच निघाला होता. वाद नको म्हणून खुर्चीत बसला. गेटजवळ सोडून ‘आलोच सर’ म्हणून तो माणूस गेला, तो गेलाच. हल्ली आपले बरेच मोठे विमानतळ ‘सायलेंट’ झालेत. बोर्डिंगच्या घोषणा नाहीत, सगळं स्क्रीनवर. आपल्याला काय, कानांना आराम! पण त्या दिवशी गेट बदललं आणि स्क्रीनने ते सगळ्यांना सांगितलं, याला सोडून. विमान गेलं. त्याबरोबर प्रमोशनचा इंटरव्ह्यूही.

‘दिसत नाही म्हणून नाही गं चुकलं विमान,’ तो म्हणतो, ‘कुणी बोललं नाही म्हणून चुकलं.’

गंमत म्हणजे कागदावर सगळी सोय आहे. एअरलाइन्सच्या बुकिंगमध्ये दृष्टिहीन प्रवाशासाठी ‘बीएलएनडी’ हा वेगळा कोड असतो, व्हीलचेअरसाठी ‘डब्ल्यूसीएचआर’ वेगळा. डीजीसीएचा नियम सांगतो की ४८ तास आधी कळवलं तर विमान कंपनीने मदत द्यायची, तीही फुकट. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बोर्डिंग नाकारता येत नाही, हे २०२२ साली नियमात आणखी स्पष्ट झालं. मग घोडं अडतं कुठे? हवा असतो माणूस आणि पाठवली जाते खुर्ची, तिथे!

शेवटी आम्ही चालतच गेलो. त्याने माझं कोपर धरलं, मी अर्धं पाऊल पुढे. ‘आता पायऱ्या, खाली,’ एवढं सांगितलं की झालं. सीटपाशी त्याचा हात सीटच्या पाठीवर ठेवला, बाकीचं त्याचं त्याने बघितलं. एवढंच असतं बॉस! ट्रेनिंग द्यायला किती वेळ लागेल?

आणि मंडळी, आपणही शिकू या. पुढच्या वेळी गेट बदललं आणि शेजारी पांढरी काठी दिसली, तर कानातले हेडफोन काढा. ‘गेट बदललंय, मी तिकडेच चाललोय, येताय का?’ एवढं विचारा. दंड धरून ओढू नका. नको म्हणाले तर नको.

विमानात एअर होस्टेस हातवारे करून एक्झिट दाखवत होती. मी मोबाइलमध्ये. हा म्हणाला, ‘येताना सीट मोजल्यात मी. एक्झिट आपल्या पुढे सहाव्या रांगेला. तुला माहीत होतं?’

नव्हतं.

‘धूरबीर झाला तर घाबरू नकोस,’ तो म्हणाला. ‘माझं कोपर धर.’