बव्हेरियन बोली अशुद्ध कशी?

जर्मन भाषेचा चार वर्षें अभ्यास केलेले आमचे एक स्नेही म्यूनिकहून परतले आणि तेथील लोक मोडकीतोडकी जर्मन बोलतात, असा निकाल त्यांनीं देऊन टाकला. बोली म्हणजे प्रमाणभाषेचा बिघाड, ही समजूत सुशिक्षितांत जुनीच आहे. आम्हांस ती मुळांतच चुकीची वाटते.

बिघाड व्हावयाचा तर मूळ वस्तु आधीं असावी लागते. येथें बोलीच आधींची! ल्यूथरच्या बायबलानें (१५३४) मध्य जर्मनीकडील लेखनभाषेस प्रतिष्ठा आणली. कॅथॉलिक दक्षिणेनें तर आपली निराळी लेखनपद्धति अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नव्हती. शिवाय ह्या बोलीच्या पोटांत काय आहे तें पाहावें. कांहीं भागांत ‘तुम्ही’ ह्यासाठीं ‘एस’ आणि ‘तुम्हांला’ ह्यासाठीं ‘एंक’ म्हणतात. हीं मूळचीं द्विवचनी सर्वनामें. संस्कृतांतील ‘युवाम्’ आठवावें. मराठीनें द्विवचन टाकलें, प्रमाण जर्मननेंही टाकलें. बव्हेरियन शेतकऱ्यानें मात्र अर्थ पालटून तीं रूपें जपलीं. जुनीं माणसें मंगळवारास ‘एर्टाग’ व गुरुवारास ‘फिंत्स्टाग’ म्हणत. पहिल्यांत ग्रीकांचा युद्धदेव आरेस आहे, दुसऱ्यांत पांचवा ह्या अर्थाचा ग्रीक शब्द, आपल्या ‘पंचम’चाच सगोत्र. असला ठेवा मोडक्या भाषेंत सांपडतो काय? श्मेलर नांवाच्या एका बुरुडाच्या मुलानें हें ओळखून १८२७ ते १८३७ ह्या काळांत ह्या बोलीचा कोश चार भागांत प्रसिद्ध केला. आमच्या स्नेह्यांनीं तो उघडला नसावा.

तथापि बव्हेरियन अभिमान्यांची बाजूही आम्ही सर्वस्वी घेत नाहीं. त्यांचें राज्य आणि त्यांची भाषा ह्यांच्या सीमा जुळत नाहींत. न्यूरेंबर्ग फ्रँकोनियन बोलतें, आउग्सबुर्ग स्वाबियन. हे प्रांत नेपोलियनच्या धामधुमींत बव्हेरियास जोडले गेले. उलट व्हिएन्ना आणि दक्षिण टायरोल राज्याबाहेर असून बोली ह्याच कुळांतली. राजकीय अस्मिता मोठी जागरूक, हें खरें. १९४९ सालीं पश्चिम जर्मनीची घटना ह्यांच्या विधिमंडळानें १०१ विरुद्ध ६३ मतांनीं नाकारली (इतर राज्यांनीं मानल्यास आम्हांसही बंधनकारक, असें मात्र सांगून ठेवलें!). पण घटनेशीं भांडणाऱ्यांनीं भाषेसाठीं काय केलें? २००९ सालीं युनेस्कोनें बव्हेरियनची गणना धोक्यांत आलेल्या भाषांत केली.

ह्याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. ऑक्टोबरफेस्टला पोरास चामड्याची चड्डी चढविणारे आईबाप त्याच्याशीं घरीं बोलतात मात्र प्रमाण जर्मन. न जाणो, शाळेंत पोर अडाणी ठरेल! आमच्या स्नेह्यांचा निकाल अशा आईबापांनीं त्यांच्या आधींच देऊन ठेवला आहे. तो त्यांनीं मागें घ्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे. चड्डीविषयीं आमची तक्रार नाहीं.